पाणी घातलं, तरी माती कोरडीच!

गॅदरिंग संपलं, मंडप उतरला आणि स्टेजवर टांगलेल्या पाच हँगिंग बास्केट रेक्टर सरांनी आमच्या मजल्याच्या गॅलरीत पाठवून दिल्या. पिटुनियाच्या, फुलांनी गच्च भरलेल्या. "सांभाळा," एवढंच म्हणाले. आम्ही चौघांनी पाळ्या लावल्या. रोज सकाळी आंघोळीला जाता जाता प्रत्येक बास्केटला एक मग पाणी, खालून धार लागेपर्यंत. (या धारेवरून खालच्या मजल्याशी दोनदा भांडण झालं. त्यांचे कपडे वाळत होते.) तरीही महिन्याच्या आत तीन बास्केट वाळल्या. सर राउंडला आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "चार इंजिनिअर मिळून पाच झाडांना पाणी घालता येईना?"

जिव्हारी लागलं, कारण पाणी तर आम्ही रोज घालत होतो!

शेवटी बागेतल्या माळीमामांना वर घेऊन आलो. त्यांनी वाळलेली एक बास्केट काढली आणि सरळ जमिनीवर पालथी केली. वरचा इंचभर थर ओला, कडेकडेनं ओल, आणि मधला अख्खा गोळा तपकिरीसारखा भुसभुशीत कोरडा. "पाणी कडेनं पळालं पोरांनो. मातीनं पिलंच न्हाई," मामा म्हणाले.

झालं होतं ते असं. नर्सरीवाले बास्केट हलकी राहावी म्हणून त्यात माती कमी आणि कोकोपीट, खत जास्त भरतात. हे मिश्रण ओलसर असेपर्यंत स्पंजासारखं पाणी धरतं. पण एकदा पार सुकलं की ते आक्रसतं, कडेला फट पडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली. शिवाय सुकलेले सेंद्रिय कण पाण्याला जवळ येऊ देत नाहीत. फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवात केशाकर्षणाचं सूत्र विचारतात ना? त्यातला कॉस थीटा आठवा. पाणी आणि कण यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत असेल तर पाणी बारीक छिद्रांत ओढलं जातं. कोन त्यापुढे गेला की चिन्ह बदलतं आणि पाणी आत शिरायलाच तयार होत नाही. हे सूत्र मी पाठ केलं होतं, त्याचे मार्कही मिळवले होते. गॅलरीत मात्र खालून धार लागली म्हणजे माती भिजली, असं खुशाल धरून चाललो होतो.

उपाय मामांनी तिथल्या तिथे दाखवला. उरलेल्या दोन बास्केट पाण्याच्या बादलीत बुडवल्या. आधी त्या तरंगायला लागल्या, म्हणून हातानं दाबून धरल्या. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी ठेवायच्या आणि मग निथळू द्यायच्या. त्यानंतर उचलली तर बास्केट चांगलीच जड लागली. तेव्हापासून आम्ही वरून बोट लावून बघणं सोडून दिलं, बास्केट उचलून बघतो. पाण्याचा हिशोब सरळ आहे, लिटरला किलो. रूममेटकडे बॅग मोजायचा काटा होता, त्याला बास्केट टांगली. भिजलेली सव्वादोन किलो, पानं मान टाकतात तेव्हा सव्वा किलो. दीड किलोच्या आसपास आली की पाणी, असा नियम ठरवून टाकला.

आता बास्केट कुंडीपेक्षा लवकर का सुकते? जमिनीवरच्या कुंडीला वारा वरून आणि बाजूनं लागतो, हिला खालूनही. त्यात काथ्याचं अस्तर असेल तर सगळ्या अंगानं बाष्पीभवन. अर्धगोल धरून गणित करा. २० सेंटिमीटर व्यासाच्या बास्केटमध्ये साधारण २ लिटर माती मावते, ३० सेंटिमीटरच्या बास्केटमध्ये ७ लिटर. माती जवळजवळ साडेतीन पट झाली, पण उघडा पृष्ठभाग फक्त सव्वादोन पट. म्हणून घ्यायचीच असेल तर मोठी घ्या. फक्त हूक मजबूत आहे ना, ते आधी बघा.

कुंड्यांचंही थोडं सांगतो. मातीची कुंडी दिसायला छान, पण ती माठासारखी पाझरते. माती गार राहते, ओल मात्र उडते. नुसती काळी माती भरू नका. आपल्याकडची काळी माती सुकली की शेतात भेगा पडतात, तशाच कुंडीतही पडतात. आणि तळाला खडी घालायची सवय सोडा. निचरा झाल्यावरही मातीच्या तळाशी एक चिंब थर राहतोच. खडीनं तो जात नाही, नुसता वर सरकतो आणि मुळांची जागा खातो. वरून मात्र वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या जरूर पसराव्यात.

पी.एल.ला घरी जाताना काय करायचं, हा खरा हॉस्टेलचा प्रश्न. पायजम्याची सुती नाडी भिजवून घ्या, एक टोक कुंडीच्या भोकातून मातीच्या मध्यापर्यंत घाला, दुसरं खालच्या बरणीत सोडा. पाणी वातीसारखं चढतं. अंतर वीतभराच्या आत ठेवा. मी शहाणपणा करून बरणी खिडकीवर, झाडापेक्षा उंच ठेवली होती. सायफन झाला, सकाळी बरणी रिकामी आणि मुळं पाण्यात! बरणीला झाकण हवंच, नाहीतर डेंग्यूचे डास. महापालिकेवाले आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात तो यासाठीच. कुंडीखालच्या बशाही त्याच दिवशी ओतून टाकाव्यात.

मोठ्या कुंडीसाठी मला सगळ्यात आवडलेली युक्ती मामांचीच. संक्रांतीचं बिनरंगाचं सुगड गळ्यापर्यंत मातीत पुरायचं, पाण्यानं भरायचं, वर पणती झाकायची. भोवतालची माती सुकेल तसं पाणी पाझरतं, ओली असेल तर पाझर मंदावतो. ना पंप, ना टायमर.

बाजारात हायड्रोजेल मिळतं. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेनं काढलेलं पुसा हायड्रोजेल शुद्ध पाण्यात आपल्या वजनाच्या ३५० पट पाणी धरतं. बोअरच्या खारट पाण्यात एवढी अपेक्षा ठेवू नका. शिवाय ते पाणी साठवतं, आणत नाही. घालायचं आपल्यालाच.

त्या दोन बास्केट एप्रिलपर्यंत फुलल्या. मग ऊन वाढलं आणि पिटुनियाचा हंगामच संपला, त्याला इलाज नव्हता. आता पाचही बास्केटमध्ये मामांनी ऑफिस टाइमच्या काड्या खोचून दिल्यात, त्यांना पाणी कमी लागतं. सर राउंडला आले की काही बोलत नाहीत. एक बास्केट हातावर उचलून बघतात आणि पुढे जातात.