पवित्र भूमीचं भांडण बायबलइतकं जुनं नाही

वसईच्या भुईगावात नाताळचा गोठा बांधताना बेथलेहेम शेजारच्या गावासारखं वाटतं. वसईतून पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन आलेलेही पुष्कळ आहेत. ७ ऑक्टोबर २०२३ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली. त्यानंतरच्या युद्धात, गाझाच्या आरोग्य मंत्रालयानुसार, साठ हजारांहून अधिक गेली. ‘हे वैर बायबलपासूनचंच’ असं तेव्हापासून सर्रास ऐकू येतं.

वस्तुस्थिती तशी नाही. ज्यूंच्या मायभूमीची राजकीय चळवळ १८९७ साली बाझेलच्या अधिवेशनात संघटित झाली. १९१७ साली ब्रिटनने तिला पाठिंबा दिला, तेव्हा पॅलेस्टाईनमध्ये अरब बहुसंख्य होते. नाझींनी साठ लाख ज्यूंचा संहार केला आणि १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव आला. भारताने विरोधात मत दिलं. पवित्र स्थळांवरून वाद होतातच, पण मूळ भांडण जमिनीचं आणि राज्याचं आहे.

‘पॅलेस्टिनी म्हणजे मुसलमान’ हा गैरसमज मला सर्वांत बोचतो. यात्रेकरू जातात ते बेथलेहेम इस्रायलमध्ये नाही. ते १९६७ साली इस्रायलने जिंकलेल्या वेस्ट बँकेत आहे आणि तिथले ख्रिस्ती अरबीत प्रार्थना करतात. १९८७ मध्ये जेरुसलेमचे लॅटिन पॅट्रिआर्क (कॅथलिक धर्मप्रमुख) म्हणून नेमले गेलेले मिशेल सब्बाह पॅलेस्टिनीच. गाझातल्या होली फॅमिली धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस युद्धकाळात जवळजवळ रोज संध्याकाळी फोन करत. जुलै २०२५ मध्ये त्याच धर्मग्रामाच्या चर्चवर इस्रायली तोफगोळा पडला आणि तिघांचा जीव गेला.

इस्रायली सगळे युरोपातून आले, हेही खरं नाही. बगदाद, येमेन, मोरोक्कोचे ज्यू तिथे आहेत, तसे अलिबागकडचे मराठी बेने इस्रायलही. पूर्ण ज्यू म्हणून मान्यता मिळवायला त्यांना तिथे झगडावं लागलं. ती १९६४ मध्ये मिळाली.

‘तज्ज्ञच भांडतात, मग खरं काय?’ असंही विचारतात. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, यावर गंभीर इतिहासकारांत वाद नाही. वाद कारणाचा आहे. इस्रायली इतिहासकार बेनी मॉरिस हकालपट्टीच्या घटना नोंदवतात, पण ते सगळं युद्धाच्या ओघात घडलं, आधी ठरलेलं नव्हतं, असं मांडतात. इलान पापे, तेही इस्रायली, याला पूर्वनियोजित वांशिक उच्चाटन म्हणतात. पॅलेस्टिनी इतिहासकार वालिद खालिदी यांच्या १९९२ च्या ग्रंथात ओस पडलेल्या ४१८ गावांची नोंद आहे. निर्वासितांना घरी परतू द्यावं, हा संयुक्त राष्ट्रांचा ठराव डिसेंबर १९४८ चा. तो अजून अमलात आलेला नाही.