शून्यच निघणारी राशी

६ जानेवारी २०२४ रोजी आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एका बिंदूभोवतीच्या प्रभामंडल कक्षेत पोचले. त्या बिंदूपाशी ना ग्रह आहे, ना दगड. सूर्य आणि पृथ्वी यांच्या ओढीचा तिथे असा मेळ बसतो, की पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहता येते. अशा कक्षेसाठी नेमके सूत्र नाही. एक बंद कक्षा संगणकावर सापडली, की तिच्या आधाराने शेजारची शोधायची, मग तिच्या शेजारची. या रीतीत सगळे अडते ते कोणती राशी मोकळी सोडायची यावर.

हिशेब असा : स्थानाचे तीन आकडे, वेगाचे तीन आणि फेरीचा काळ, असे सात अज्ञात. फेरी संपताना सहाही आकडे सुरुवातीसारखे हवेत आणि फेरी कुठून मोजायची हे ठरवणारी एक अट, अशी सात समीकरणे. म्हणजे उत्तर एकटे, सुटे. कक्षांची माळ हवी तर आणखी एक राशी मोकळी हवी. इथे बदलण्याजोगे आहे ते फक्त सूर्य-पृथ्वीच्या वस्तुमानांचे गुणोत्तर. ते बदलले की आपण दुसऱ्याच सूर्यमालेचे गणित करू लागतो!

गंमत म्हणजे माळ असतेच. ऊर्जा अक्षय्य असल्याने सातांपैकी एक समीकरण इतरांत आधीच दडलेले असते. पण त्यामुळेच संगणकावर शून्याने भागण्याची वेळ येते.

युसेबियस डोडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलेला तोडगा मला फार आवडतो. समीकरणांत एक खोटेच घर्षण घालायचे आणि त्याचे माप मोकळे सोडायचे. ते धन असो वा ऋण, ऊर्जा फेरीभर एकाच दिशेने ढळेल; सतत जिना उतरणारा सुरुवातीच्या पायरीवर परतत नाही, तशी कक्षाही मिटणार नाही. म्हणून दर वेळी ते माप शून्यच निघते. मात्र अज्ञात आठ झाल्याने माळ पुढे सरकते.

सपाट कक्षा मोठ्या होता होता एका ठिकाणी या माळेला फाटा फुटतो. काही कक्षा प्रतलाच्या वर उचलल्या जातात, त्यांची प्रतिबिंबे खाली. याच प्रभामंडल कक्षा. खुद्द त्या फाट्याचाच माग काढायचा असेल, तर फाट्याची अट वाढते आणि आणखी एक राशी सोडावी लागते. तिथे वस्तुमानांचे गुणोत्तरच कामी येते : सूर्य-पृथ्वीपासून निघून तोच फाटा धरत पृथ्वी-चंद्रापर्यंत जाता येते.