विश्लेषण : नाव नव्हे, नुसता पत्ता! ‘सी९ऑर्फ७२’ या प्रथिनाचे काम कसे उलगडले?

शरीरात एखादे प्रथिन आहे हे कळणे वेगळे आणि ते नेमके काय करते हे कळणे वेगळे. ‘सी९ऑर्फ७२’ या अनोळखी प्रथिनाच्या बाबतीत हा फरक थेट रुग्णांच्या उपचारांपर्यंत पोहोचला आहे.

असे विचित्र नाव का?

मानवी जनुकसंचाचे वाचन झाल्यावर हजारो प्रथिनांचे आराखडे हाती आले. पण त्यातील अनेकांचे काम ठाऊक नव्हते. त्यामुळे जागेवरूनच नावे पडली. ‘सी९’ म्हणजे नववे गुणसूत्र, ‘ऑर्फ’ म्हणजे प्रथिन बनवू शकेल असा डीएनएचा भाग आणि ७२ हा त्याचा क्रमांक.

ते चर्चेत कसे आले?

२०११ मध्ये दोन संशोधक गटांना या जनुकात दोष आढळला. त्यातील सहा अक्षरांचा एक तुकडा निरोगी व्यक्तींत सहसा ३० पेक्षा कमी वेळा येतो. रुग्णांत तो शेकडो, हजारो वेळा येतो. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे जगाला माहीत झालेला, स्नायू निकामी करणारा एएलएस आणि एका प्रकारचा स्मृतिभ्रंश यांचे युरोप व उत्तर अमेरिकेतील हे सर्वांत मोठे ज्ञात आनुवंशिक कारण आहे.

रचना कशी कळली?

आधी संगणकावर त्याचा अमिनो आम्लांचा क्रम इतर प्रथिनांशी ताडून पाहिला गेला. पेशीतील ‘मालवाहतूक’ सांभाळणाऱ्या प्रथिनांच्या कुळाशी तो जुळला. मात्र हे प्रथिन एकटे काम करत नाही; ‘एसएमसीआर८’ व ‘डब्ल्यूडीआर४१’ हे त्याचे दोन जोडीदार आहेत. २०२० मध्ये हे त्रिकूट झटक्यात गोठवून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने टिपलेल्या असंख्य प्रतिमा एकत्र करून त्याचा त्रिमितीय आकार मिळवण्यात आला. वाहतूक नियंत्रित करणारी छोटी ‘स्विच’ प्रथिने हे त्रिकूट बंद करू शकते, असे प्रयोगशाळेत दिसले.

मग काम कसे ठरले?

त्यासाठी जनुकच बंद करून पाहावे लागते. २०१६ मधील प्रयोगांत अशा उंदरांना एएलएस झाला नाही. पण त्यांची रोगप्रतिकारक यंत्रणा बिघडली, प्लीहा सुजली. म्हणजे या प्रथिनाची शरीराला गरज आहे.

रुग्णांसाठी याचा अर्थ काय?

सदोष जनुकापासून बनणारे आरएनए आणि त्यातून तयार होणारे तुकडे पेशींना घातक ठरतात. शिवाय मूळ प्रथिनही कमी पडते. त्यामुळे जनुक सरसकट बंद करणे धोक्याचे. फक्त सदोष आरएनए हटवणाऱ्या बायोजेन कंपनीच्या औषधाची चाचणीही लाभ न दिसल्याने २०२२ मध्ये थांबवावी लागली.

‘अल्फाफोल्ड’ने प्रश्न सुटला नाही का?

या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीने २०२१ मध्ये जवळपास सर्व मानवी प्रथिनांच्या रचनांचे अंदाज खुले केले. त्यामागील संशोधनाला २०२४ चे नोबेलही मिळाले. पण किल्लीचा आकार कळला म्हणून ती कोणत्या कुलपाची हे कळत नाही. ते शोधायला पेशी, प्राणी आणि रुग्ण यांच्यावरील वर्षानुवर्षांच्या अभ्यासाला पर्याय नाही.