काळेपणा जखमेचा की फोटोचा?

संध्याकाळचे सात वाजलेले. मधुमेह असलेल्या आजोबांच्या पायाच्या अंगठ्याला आठवड्यापूर्वी चप्पल घासून जखम झाली आहे. आता ती चिघळल्यासारखी वाटते; पण जिल्ह्याचे रुग्णालय दोन तासांच्या अंतरावर. नातू घरातला छोटा डिजिटल कॅमेरा काढतो. पांढऱ्या चादरीवर आजोबांचा पाय ठेवतो, जखमेकडे फार जवळून बघवत नाही म्हणून दोन पावले मागे सरकून झूम करतो आणि फ्लॅश उडवतो. फोटो डॉक्टरांकडे जातो. थोड्या वेळाने विचारणा होते, ‘अंगठ्याच्या कडेला काळं दिसतंय. कातडी काळी पडलीय, की फोटोच काळा आलाय?’

नातवाला उत्तर देता येत नाही. पण हा प्रश्न फोटोग्राफीच्या हौसेचा नाही. मधुमेही पायाच्या जखमेत काळेपणाचा अर्थ रक्तपुरवठा तुटून पेशी मृत होणे, म्हणजेच गँगरीन, असा असू शकतो. जखमेभोवतीची लाली म्हणजे पसरणारा जंतुसंसर्ग असू शकतो. अपुऱ्या उजेडाचा फोटो या दोन्ही खुणांबाबत फसवतो. जे काळे नाही ते काळे दाखवतो आणि जे लाल आहे ते लपवतो. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली मुळातच कमी उठून दिसते. फोटो काळवंडला की ती जवळजवळ नाहीशीच होते.

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ‘ई-संजीवनी’सारख्या सरकारी सेवेमुळे दूरवरून सल्ला घेणे आता नवलाचे राहिलेले नाही. जखम, पुरळ, सूज यांचे फोटो घराघरांतून डॉक्टरांकडे जातात. त्यामुळे फ्लॅश उडूनही फोटो काळा का येतो, हे समजून घेणे आता आरोग्याच्याच कामाचे झाले आहे.

दोन पावले मागे, उजेड पाव

सर्वात पहिले कारण अंतराचे. फ्लॅशचा प्रकाश पुढे जाताना पसरत जातो आणि अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. एक मीटरवर जेवढा उजेड पडतो, त्याच्या एक चतुर्थांश उजेड दोन मीटरवर पडतो, तीन मीटरवर एक नवमांश आणि चार मीटरवर अवघा एक सोळांश. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेतून काढलेल्या फोटोत पुढच्या खुर्चीची पाठ लख्ख आणि नवरा-नवरी अंधारात दिसतात, ते याच नियमामुळे.

त्यात झूमची भर पडते. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत झूम वाढवला की लेन्समधून येणारा उजेड कमी होतो. एखाद्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशची क्षमता, ज्याला ‘गाइड नंबर’ म्हणतात, मीटरमध्ये ८ आहे असे धरू. या आकड्याला लेन्सच्या छिद्राच्या आकड्याने भागले की फ्लॅशचा पल्ला कळतो. झूम न करता छिद्र एफ २.८ असेल, तर पल्ला सुमारे २.९ मीटर. पूर्ण झूम करून तेच एफ ५.६ झाले, तर पल्ला निम्मा, म्हणजे १.४ मीटर. नातवाने मागे सरकून झूम केला, तेव्हा त्याचे नुकसान दोन्ही बाजूंनी झाले. अंतर वाढले आणि पल्ला घटला.

यावर साधा उपाय आहे. झूम शून्यावर आणावा आणि पुढे सरकावे. ते शक्य नसेल तर आयएसओ वाढवावा. आयएसओ म्हणजे सेन्सरची प्रकाशाला प्रतिसाद देण्याची पातळी. ती १०० वरून ४०० केली की फ्लॅशचा पल्ला दुप्पट होतो. फोटो थोडा रवाळ होतो. पण रवाळ फोटोवरून काही सांगता येते, काळ्या फोटोवरून काहीच नाही.

पांढरी चादर कॅमेऱ्याला फसवते

दुसरे कारण कॅमेऱ्याच्या हिशेबात आहे. बटण दाबल्यावर बरेच कॅमेरे आधी एक क्षीण फ्लॅश मारतात, परत आलेला उजेड मोजतात आणि मुख्य फ्लॅश किती जोराचा हवा ते ठरवतात. हे सारे इतक्या झटपट होते की डोळ्यांना एकच लखलखाट जाणवतो. समोर काय आहे हे कॅमेऱ्याला नेमके ठाऊक नसते. दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे असेल, असे तो ढोबळमानाने धरून चालतो. पांढरी चादर, पांढरे बँडेज, स्टीलचा ट्रे किंवा फरशी समोर असली की भरपूर उजेड परत येतो. ‘पुरेसा उजेड झाला’ असे समजून कॅमेरा फ्लॅश आवरता घेतो. चादर करडी येते आणि पाय काळा पडतो.

ओली जखम, नुकतेच लावलेले मलम, तेलकट त्वचा, चष्म्याची काच याही आरशासारख्या वागतात. मधोमध पांढरा चट्टा आणि बाकी सारे अंधारात, असा फोटो आला तर बहुधा हेच झालेले असते.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हिरवे किंवा निळे कापड वापरतात. घरीही पायाखाली गडद निळा किंवा हिरवा, न चकाकणारा टॉवेल घालावा. कॅमेरा जखमेवर काटकोनात न धरता किंचित तिरका धरावा, म्हणजे चकाकी थेट लेन्समध्ये परत येत नाही. तरीही फोटो काळा येत असेल, तर फ्लॅशची पातळी अधिक एकवर न्यावी. बऱ्याच कॅमेऱ्यांत ही सोय ‘अधिक-उणे’ चिन्हाजवळच्या विजेच्या खुणेने दाखवलेली असते. कधी काळी कोणीतरी ती उणेवर ठेवलेली असते आणि नंतरचा प्रत्येक फोटो काळा येत राहतो. तेही एकदा पाहून घ्यावे.

फार जवळ गेल्यावरही अंधार

जवळ जायचे, पण किती? कॅमेरा जखमेला अगदी भिडवला तर लांब आलेल्या लेन्सचीच सावली फोटोत पडते. फोटोच्या खालच्या बाजूला अर्धगोल काळा भाग दिसला तर कारण हेच. एका कडेला धुरकट काळोख असेल, तर फ्लॅशवर बोट आले होते का, ते बघावे. वेगळी लेन्स बसवून अगदी जवळून, वस्तूच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा घेताना तर सेन्सरवर पोहोचणारा उजेडही पाव होतो.

दातांच्या डॉक्टरांना ही अडचण फार पूर्वीच आली. तोंडाच्या आत कॅमेरा न्यायचा, तर सावली पडणारच. म्हणून १९५२ मध्ये लेस्टर डाइन यांनी लेन्सभोवती गोल बसणारा फ्लॅश दंतवैद्यकीय फोटोंसाठी तयार केला. आज तोच प्रकार फॅशनच्या फोटोंतही वापरला जातो. घरी गोल फ्लॅशची गरज नाही. साधारण अर्धा मीटर अंतर ठेवावे, फोटो काढावा आणि नको असलेला भाग नंतर कापावा. एवढ्यावर बऱ्याच वेळा काम भागते.

फ्लॅशलाही दम लागतो

पहिला फोटो चांगला आणि लगेच काढलेला दुसरा काळा, असे झाले तर दोष बॅटरीकडे जातो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्ये झेनॉन वायूची नळी असते. ती पेटवण्यासाठी कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टपर्यंत विजेचा साठा व्हावा लागतो. सेल उतरले असतील तर साठा व्हायला वेळ लागतो आणि त्याआधी बटण दाबले की फ्लॅश उडत नाही किंवा अर्धवट उडतो. विजेची खूण लुकलुकायची थांबेपर्यंत वाट पाहावी. जुना कॅमेरा घरी उघडून बघण्याचा मोह मात्र टाळावा. बंद कॅमेऱ्यातील कपॅसिटरही जोरदार झटका देऊ शकतो.

मोठ्या कॅमेऱ्यात आणखी एक मेख असते. फ्लॅशसोबत शटरचा वेग अनेकदा सेकंदाच्या १/२०० किंवा १/२५० भागापेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्याहून वेगवान शटरमध्ये सेन्सर एकाच वेळी पूर्ण उघडा नसतो आणि फोटोच्या एका कडेला सरळ काळी पट्टी येते.

बहुतेक मोबाइलचा ‘फ्लॅश’ म्हणजे एलईडी दिवा. झेनॉनच्या लखलखाटापुढे त्याचा उजेड फारच कमी. खोलीच्या दुसऱ्या टोकावरून त्याच्या भरवशावर काढलेला फोटो काळा येणारच.

पडद्यावर विसंबू नका

अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याचा पडदा झगझगीत दिसतो, त्यामुळे काळा फोटोही बरा वाटतो. तोच फोटो डॉक्टर दिवसाउजेडी बघतात तेव्हा त्यात काहीच दिसत नाही. त्यावर हिस्टोग्राम हा चांगला उपाय. फोटोतील उजेडाचा हा आलेख बहुतेक कॅमेऱ्यांत दाखवता येतो. आलेखाची सारी टेकडी डाव्या भिंतीला चिकटली असेल, तर फोटो काळा आहे, डोळ्यांना काहीही वाटो.

‘मग मोबाइलवर उजळून पाठवू’ हा विचार मोहात पाडणारा आहे. नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक मूळ रंगाला काळ्यापासून पूर्ण उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. काळ्या फोटोत सारा तपशील खालच्या मोजक्या पायऱ्यांत कोंबलेला असतो. उजळल्यावर तो वाढत नाही, फक्त ताणला जातो. रवे उठतात आणि रंग बदलतात. फ्लॅश कमी पडला की खोलीतल्या पिवळ्या दिव्याचा रंगही वरचढ ठरतो. कावीळ, फिकेपणा, लाली यांचा अंदाज रंगावरूनच करायचा असताना असा फोटो धोक्याचा. म्हणून फोटो उजळून किंवा फिल्टर लावून पाठवू नये, पुन्हा काढावा. मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास तपशील जास्त टिकतो.

दुरुस्तीबाबत लहान मुलांच्या पालकांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. फ्लॅशच्या फोटोत डोळ्यांच्या बाहुल्या लाल दिसणे हे पडद्यामागील रक्ताच्या रंगामुळे होते. मात्र एका डोळ्यात लालऐवजी पांढरी चमक पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर मुलाला नेत्रतज्ज्ञांना लगेच दाखवावे. कधी ती नुसत्या कोनामुळे येते. पण मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा या डोळ्याच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. लाल डोळे काढून टाकणाऱ्या दुरुस्तीत दोन डोळ्यांमधला हा फरकच पुसला जाऊ शकतो.

फोटो पाठवण्यापूर्वी

• दिवसा शक्य असेल तर फ्लॅश बंद करून खिडकीजवळ, थेट ऊन न घेता फोटो काढा.
• रात्री फ्लॅश लागणारच असेल तर खोलीतले दिवेही लावा, झूम काढा आणि अर्ध्या ते एक मीटरवर या.
• पांढऱ्या चादरीऐवजी गडद, न चकाकणारे कापड घ्या.
• जखमेवरचे औषध किंवा रक्त डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हलक्या हाताने पुसून घ्या.
• एक फोटो पूर्ण पावलाचा, एक जवळून आणि एक दुसऱ्या, निरोगी पायाचा काढा. जखमेशेजारी मोजपट्टी ठेवा.
• रुग्णाची संमती घ्या आणि गरज नसेल तर चेहरा टाळा.

आजोबांच्या नातवाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून हेच केले. खोलीतले दिवे लावले, पायाखाली निळा टॉवेल घातला, जवळ आला, झूम काढला. दुसऱ्या फोटोत अंगठ्याच्या कडेचा काळेपणा म्हणजे वाळलेले रक्त आणि तपकिरी औषध होते, हे स्पष्ट दिसले. घरात सुटकेचा निःश्वास पडतो न पडतो, तोच डॉक्टरांचा फोन आला. पहिल्या फोटोत न दिसलेली लाली दुसऱ्यात पावलाच्या मध्यापर्यंत चढलेली दिसत होती. ‘हाताच्या मागच्या बाजूनं दोन्ही पाय चाचपून बघा,’ डॉक्टर म्हणाले. दुखरा पाय गरम होता. ‘सकाळची वाट बघू नका. आजच निघा.’

पायाचा गरमपणा मात्र कोणताच फोटो सांगत नाही. वास, स्पर्श, नाडी हेही त्यात येत नाही. म्हणून मधुमेही व्यक्तीच्या पायाची जखम काळी पडत असेल, लाली चढत असेल, दुर्गंधी येत असेल किंवा ताप भरला असेल, तर चांगला फोटो मिळेपर्यंत थांबू नये. अशा वेळी कॅमेरा बाजूला ठेवावा आणि रुग्णाला घेऊन निघावे.