बेटावरचा दिवा आणि डिझेलचे पिंप

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या केबलने वीज पोहोचली. त्याआधी तिथे संध्याकाळी काही तास जनित्र चाले. पण किनारा दोनशे ते चारशे किलोमीटर दूर असेल तर?

लक्षद्वीपची अडचण हीच आहे. २०११ च्या जनगणनेत तिथल्या दहा बेटांवर वस्ती होती. १९६२ साली मिनिकॉयला पहिल्यांदा वीज आली. तेव्हापासून या बेटांची मुख्य भिस्त डिझेलवर राहिली आहे. ते जहाजाने आणावे लागते. पावसाळ्यात समुद्र खवळतो, म्हणून साठा आधीच करून ठेवावा लागतो.

आता एका लिटर डिझेलचा हिशेब मांडू. ते जाळल्यावर सुमारे १० युनिट ऊर्जा मिळते. लहान जनित्र त्यातून साधारण ३ युनिट वीज देते. ही वीज टंगस्टन तारेच्या बल्बला दिली, तर तिच्या जेमतेम विसाव्या भागाचा प्रकाश होतो. म्हणजे डिझेलमधल्या ऊर्जेच्या शंभर भागांतले फक्त दीड भाग आपल्या उपयोगी पडले. बाकी सारी उष्णता!

एलईडी दिव्यात तार तापवावी लागत नाही. अर्धवाहकात इलेक्ट्रॉन खालच्या ऊर्जापातळीवर येताना थेट प्रकाश बाहेर टाकतात. त्यामुळे ६० वॅटच्या बल्बइतका उजेड ९ वॅटमध्ये मिळतो.

शंभर घरांचे एक बेट कल्पू. घरटी चार बल्ब, रोज चार तास. ६० वॅटचे ४०० बल्ब २४ किलोवॅट मागतात. तेवढेच एलईडी दिवे फक्त ३.६ किलोवॅट. रोजची बचत सुमारे ८२ युनिट, म्हणजे २७ लिटर डिझेल. वर्षाला जवळजवळ दहा हजार लिटर, म्हणजेच दोनशे लिटरची पन्नास पिंपे!

प्रश्न केवळ पैशांचा नाही. प्रवाळ बेटांवर नद्या नसतात. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर तरंगत असतो आणि विहिरींना पाणी मिळते ते त्यातूनच. उतरवताना सांडलेले डिझेल झिरपून या थरात गेले, तर प्यायचे पाणीच नासते. जे पिंप बेटावर आलेच नाही, ते सांडणारही नाही.

मग लोक दिवे लगेच का बदलत नाहीत? नवा दिवा सुरुवातीला महाग पडतो, आणि बचत मात्र हळूहळू दिसते. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत घाऊक खरेदीचा मार्ग निवडला गेला. एका एलईडी दिव्याची खरेदी किंमत २०१४ मध्ये ३१० रुपये होती, ती पुढे ४० रुपयांच्याही खाली आली.

एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. मोठे जनित्र अगदी कमी भारावर चालवले, तर दर युनिटमागे डिझेल जास्त लागते. म्हणून दिवे बदलले की जनित्रही लहान हवे. शिवाय २४ किलोवॅटऐवजी ३.६ किलोवॅटच पुरवायचे असतील, तर सौर पट्ट्या आणि बॅटऱ्याही कितीतरी कमी लागतात. आधी गरज कमी करावी, मग यंत्र निवडावे, हा क्रम महत्त्वाचा.

वर्गात हा हिशेब करून पाहता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरातले दिवे, त्यांचे वॅट आणि ते किती तास जळतात हे लिहून आणावे. मग आपले गाव एक बेट आहे असे समजून विचारावे: आजच्या रात्रीसाठी आपल्याला किती डिझेल उतरवावे लागेल?