समनरचे न्यायालय आणि १९५५ साल

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील टॅलाहाची कौंटीला दोन मुख्यालये आहेत आणि म्हणून न्यायालयेही दोन आहेत. या राज्यातील अनेक कौंट्यांत अशी दुहेरी व्यवस्था आढळते. प्रवास दुष्कर होता त्या काळाची ती देणगी होय. पूर्वेकडील मुख्यालय चार्ल्स्टन येथे आहे, तर पश्चिमेकडे, कापसाच्या सपाट प्रदेशात, समनर हे काहीशे वस्तीचे खेडे आहे. या खेड्याच्या चौकातील विटांच्या इमारतीला २५ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला. तो तिच्या सौंदर्यासाठी दिलेला नाही, हे उघड आहे.

वास्तुकलेच्या दृष्टीने पाहता ही इमारत एका परिचित घराण्यातली आहे. हेन्री हॉब्सन रिचर्डसन या स्थापत्यविशारदाने १८८० च्या दशकात पिट्सबर्गच्या न्यायालयासाठी जी जाडजूड, अर्धवर्तुळाकार कमानींची रोमनेस्क शैली वापरली, तिचे अनुकरण पुढे अमेरिकेतील गावोगावच्या न्यायालयांनी केले. कायद्याचे राज्य अढळ आहे, ही ग्वाही त्या भारदस्त भिंतींनी शेतकऱ्याला द्यावी, ही त्यामागील अपेक्षा. समनरची इमारत विसाव्या शतकाच्या आरंभीची. तिचे मुख्य न्यायदालन वरच्या मजल्यावर आहे.

याच दालनात १९ ते २३ सप्टेंबर १९५५ या पाच दिवसांत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाचा खटला चालला. शिकागोहून आजोळच्या नातलगांकडे आलेल्या या मुलाने दुकानातील गोऱ्या स्त्रीची आगळीक केली, असा आरोप करून त्याला २८ ऑगस्टच्या अपरात्री उचलून नेण्यात आले. ज्या घरातून त्याला नेले ते शेजारच्या लेफ्लोर कौंटीत होते. परंतु त्याचे प्रेत तीन दिवसांनी टॅलाहाची कौंटीच्या हद्दीत, नदीत सापडले, आणि खटला समनरला आला. आरोपी होते रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम. गावातील पाचही वकिलांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

मुलाचे नात्याने आजोबा लागणारे मोझेस राइट हे चौसष्ट वर्षांचे शेतमजूर साक्षीला उभे राहिले आणि भर न्यायालयात त्यांनी दोन्ही आरोपींकडे बोट दाखविले. त्या मुलखात कृष्णवर्णीयाने गोऱ्यावर असे बोट रोखणे म्हणजे प्राणांशी खेळ होता. साक्षीनंतर राइट यांना मिसिसिपी सोडावे लागले. कृष्णवर्णीय पत्रकारांना बाजूला एक पत्त्यांचे टेबल देण्यात आले होते. मिशिगनचे काँग्रेस सदस्य चार्ल्स डिग्ज यांनाही तेथेच बसावे लागले. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने ६७ मिनिटांत आरोपींना निर्दोष ठरविले. काही महिन्यांतच, जानेवारी १९५६ मध्ये, दोघांनी पैसे घेऊन एका पाक्षिकापुढे खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालविता येत नाही, याची त्यांना पुरती जाणीव होती.

नानावटी खटल्यामुळे ज्यूरी हा शब्द मराठी वाचकाला परिचित आहे. ज्यूरी भावनेच्या भरात वाहवते, असा त्यावरून आपला समज. समनरमध्ये घडले ते निराळे. कौंटीचे न्यायालय हे केवळ न्यायदानाचे स्थान नसते. जमिनीचे दस्तऐवज आणि मतदारांची नोंदणीही तेथेच असते. ज्यूरी मतदारयादीतून निवडली जाई. कृष्णवर्णीयांची संख्या बहुसंख्य असलेल्या या कौंटीत मतदार म्हणून त्यांच्यापैकी एकाचेही नाव नोंदलेले नव्हते, आणि स्त्रियांना तर मिसिसिपीत १९६८ पर्यंत ज्यूरीवर बसण्याचा अधिकारच नव्हता. म्हणजे निकालाची पूर्वतयारी कित्येक वर्षे त्याच छपराखाली, कारकुनाच्या टेबलावर होत आली होती. वकिलांच्या वक्तृत्वाला फारसे काम उरले नव्हते.

पुढे १९७० च्या दशकात इमारतीची डागडुजी झाली, जुने रूप झाकले गेले. खटल्याविषयी गाव बोलत नसे. कौंटीच्या पर्यवेक्षक मंडळाचे कृष्णवर्णीय अध्यक्ष जेरोम लिटल यांच्या पुढाकाराने गोऱ्या व काळ्या रहिवाशांची समिती स्थापन झाली आणि २ ऑक्टोबर २००७ रोजी (दिवस गांधीजयंतीचा, हा योगायोगच) न्यायालयासमोर टिल कुटुंबाची जाहीर क्षमा मागण्यात आली. त्यानंतर इमारतीचा जीर्णोद्धार हाती घेतला गेला. तो कोणत्या काळापर्यंत मागे नेऊन करायचा, हा खरा प्रश्न होता. सामान्यतः इमारत तिच्या बांधकामाच्या वर्षाकडे, म्हणजे तिच्या निष्पाप बाल्याकडे नेली जाते. समनरने १९५५ हे वर्ष निवडले. दालन खटल्याच्या दिवसांत जसे होते तसे केले. गरीब कौंटीला ढासळत्या इमारतीसाठी बाहेरचा पैसा हवा होता, हेही त्यामागचे एक कारण होते. पण कारणे संमिश्र होती म्हणून निर्णयाचे मोल कमी होत नाही.

सगळेच मिटले असे मात्र नव्हे. प्रेत सापडल्याच्या ठिकाणी लावलेला फलक गोळ्यांनी वारंवार चाळण झाल्यामुळे २०१९ साली तेथे गोळी न भेदणारा फलक बसवावा लागला. आणि २००७ साली न्यायालयाच्या पायरीपाशी क्षमापत्र वाचले जात होते, तेव्हा गुलामगिरीच्या रक्षणार्थ लढलेल्या दक्षिणेच्या सैनिकाचा पुतळा अंगणात उभाच होता. खटल्याच्या वेळी राइट त्याच्याच समोरून आत गेले होते.