शेजारच्या बिडीचा धूर आपल्या घरात

रात्री जेवणानंतर खालच्या खोलीत कुणीतरी बिडी पेटवतो आणि तिचा वास वरच्या घरातल्या पाळण्यापर्यंत येतो. चाळीत, वस्तीत किंवा एसआरएच्या इमारतीत राहणाऱ्यांना हे नवे नाही. आपण दार लावतो, पंखा सुरू करतो आणि विषय सोडून देतो. पण वास आला म्हणजे धूरही आलाच.

हा धूर काय करतो?

तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात. त्यांतील सुमारे ७० रसायनांमुळे कर्करोग होऊ शकतो. स्वतः बिडी न ओढणाऱ्यालाही या धुरामुळे हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. लहान मुलांना दम्याचे झटके, न्यूमोनिया आणि कानाचे आजार होतात. गरोदर स्त्रीच्या श्वासात तो गेला, तर बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने धोका पूर्ण टळत नाही. हा धूर थोडा असला तर चालतो, असे प्रमाणच नाही.

एकमेकांना चिकटलेल्या घरांत धूर दाराच्या फटीतून, पाइपाच्या भोकातून, जिन्यातून आणि डक्टमधून फिरतो. म्हणून एका घराने ठरवून भागत नाही, सगळ्या इमारतीने ठरवावे लागते.

अमेरिकेने काय केले?

अमेरिकेत गरीब कुटुंबे, वृद्ध आणि अपंग यांच्यासाठी कमी भाड्याची सरकारी घरे आहेत. बॉस्टन शहराने आपल्या अशा घरांत २०१२ मध्येच धूम्रपान बंद केले होते. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशभरासाठी नियम काढला आणि जुलै २०१८ च्या अखेरपर्यंत तो लागू करायला सांगितले. ९ लाखांहून अधिक घरे या नियमाखाली आली.

नियम सोपा आहे. घरात, जिन्यात, व्हरांड्यात, कार्यालयात आणि इमारतीपासून २५ फुटांच्या आत सिगारेट, सिगार, पाइप किंवा हुक्का ओढायचा नाही. ही अट भाडेकरारातच घातली गेली. धूम्रपान करणाऱ्याला घर नाकारलेले नाही. तो तिथे राहू शकतो, फक्त धूर बाहेर जाऊन सोडायचा. आग लागण्याचा धोका आणि धुराने काळ्या झालेल्या भिंती रंगवण्याचा खर्च कमी व्हावा, हाही हेतू होता.

लोकांनी शंकाही काढल्या. चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याने थंडीत खाली कसे उतरायचे? करार मोडला म्हणून गरिबाचे घर जाणार का? म्हणून आधी समज, मग लेखी सूचना आणि घर सोडायला लावणे हा अगदी शेवटचा उपाय, अशी पायरीपायरीची पद्धत सुचवली गेली. बैठका घ्या, व्यसन सोडायला मदत द्या, हेही सांगितले गेले.

तरीही न्यूयॉर्कमध्ये पहिल्या वर्षानंतर संशोधकांनी घरांतील हवा तपासली, तेव्हा धूर फारसा घटलेला आढळला नाही. पाटी लागली, पण सवय तशीच राहिली. नियमाबरोबर माणसाला हात दिला नाही, तर नियम कागदावरच राहतो.

आपण काय करू शकतो?

भारतात २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड होतो. पण खासगी घराच्या आत हा कायदा पोहोचत नाही. तिथे आपल्यालाच ठरवावे लागेल.

• सोसायटीच्या किंवा वस्तीच्या बैठकीत ठराव करा. जिना, गॅलरी आणि नळाची रांग येथे बिडी-सिगारेट बंद.
• ओढणाऱ्यांसाठी दारे-खिडक्यांपासून दूर, उघड्यावर एक जागा ठरवून द्या.
• घरात मूल, गरोदर स्त्री किंवा दम्याचा रुग्ण असेल, तर घरात कुणीही पेटवायची नाही. पाहुण्यांनाही तेच सांगा.
• ओढणाऱ्याचा चारचौघांत अपमान करू नका. तो बहुधा आपलाच भाऊ, काका किंवा आजोबा असतो. सोडायची इच्छा असेल, तर १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. पहिला फोन करताना त्याच्याजवळ बसा.

पाळण्यातल्या बाळाला दार लावून घेता येत नाही. त्याच्यासाठी हे मोठ्यांनीच ठरवायचे आहे.